मदत हवी आहे: लेथची थ्री फेज मोटर घरच्या सिंगल फेजवर

मंडळी, जालन्यात भंगारातून जुनं लेथ मशीन घेतलंय. बेड बरा, हेडस्टॉकचा आवाजही ठीक. अडलंय मोटरवर: १ एचपी, थ्री फेज, ४१५ व्होल्ट, स्टार जोडणी (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एका सांध्यात बांधलेलं). घरचं मीटर सिंगल फेज, आणि छंदापायी थ्री फेज कनेक्शन घ्यायला घरचे तयार नाहीत (खरं तर मीही).

सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) लावायचा विचार आहे. पण त्यातून सहसा २३० व्होल्टचंच थ्री फेज निघतं, म्हणजे मोटर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणासारखी एकमेकांना) जोडायला हवी. टर्मिनल बॉक्समध्ये तर तीनच वायरी. स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्येच बांधलेला. वाइंडिंगवाले दादा म्हणतात, "कशाला उकरता, सिंगल फेज मोटर टाका." मग वेग कमीजास्त करायची सोय जाते, आणि आटे पाडताना मला तीच हवीय.

वार्निश मुरलेल्या जुन्या वाइंडिंगमधून तो सांधा सोडवून सहा टोकं बाहेर काढलीत का कोणी? इन्सुलेशन तडकतं का? की सरळ डेल्टात रिवाइंड करावं?

शिवाय व्हीएफडीने वेग उतरवला की २०-२५ हर्ट्झवर मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावणार. वेगळा पंखा बसवावा का? आपला मे महिना, त्यात पत्र्याचं शेड. वाळूजकडे हे काम नीट करणारं कोणी असेल तर तेही सांगा.