जुन्या टूल रोलमधले पाने: कोणत्या मापाचे आणि कोणत्या काळातले?

प्रश्न (जुनेयंत्र):
१९३० च्या दशकातल्या ब्रिटिश मोटरसायकलच्या टूल रोलमध्ये (हत्यारांच्या गुंडाळीत) चार फिक्स पाने (स्पॅनर) आहेत.

पहिल्यावर बुलडॉगचे चित्र, एका तोंडाला १/४ डब्ल्यू, दुसऱ्याला ३/१६ डब्ल्यू.
दुसऱ्यावर एकाच तोंडाला १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बीएसएफ (ब्रिटिश बारीक आट्यांचे माप) अशी दोन मापे.
तिसऱ्यावर बाणाच्या टोकासारखी खूण आणि १९४३.
चौथ्यावर १४, १७ आणि डीआयएन ८९५.

१/४ चे तोंड व्हर्निअरने १३.४ मिमी भरते, म्हणजे पाव इंचाच्या दुपटीहून जास्त. हे कसे? आणि यातले कोणते पाने गाडीसोबतचे असू शकतात?

आटेमोजणी:
ब्रिटिश जुन्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाच्या रुंदीचा नव्हे. १/४ डब्ल्यू म्हणजे पाव इंच व्हिटवर्थ (जुनी ब्रिटिश आट्यांची पद्धत) बोल्टच्या डोक्याला बसणारा पाना. त्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंतले अंतर ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. पाना सरकून बसायला थोडी सैल जागा लागते, म्हणून तुमचे १३.४ बरोबर आहे.

हाताशी ठेवण्याजोगी मापे (नटाची, पान्याची नव्हे): ३/१६ डब्ल्यू ११.३, १/४ डब्ल्यू १३.३, ५/१६ डब्ल्यू १५.२, ३/८ डब्ल्यू १८.०, ७/१६ डब्ल्यू २०.८ मिमी. यातले फक्त ३/८ मेट्रिकच्या १८ शी जुळते. १/४ डब्ल्यूच्या नटावर १३ चा पाना चढत नाही आणि १४ चा लावला तर नटाचे कोपरे गोल होतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांवरचे नट अनेकदा असेच खराब होतात.

बुलडॉग ही बर्मिंगहॅमच्या किंग डिकची खूण. दुसऱ्या पान्यावरची जोडमापे मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची दिसतात, कारण युद्धात बोल्टची डोकी लहान झाली आणि त्यानंतरच दोन मापे छापायची गरज पडली.

लोहभट्टी:
जोडमापांबद्दल असहमत. युद्धाआधीच बीएसएफ बोल्टचे डोके त्याच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टपेक्षा एक माप लहान होते. ५/१६ बीएसएफ आणि १/४ डब्ल्यू यांचे डोके तेव्हाही सारखेच, म्हणून जोडमाप तेव्हाही छापले जाई. त्या खुणेवरून इतकेच नक्की होते की पाना १९०८ नंतरचा आहे, कारण बीएसएफ आटे त्या साली आले.

युद्धात धातू वाचवायला व्हिटवर्थची डोकी बीएसएफइतकी केली, हे खरे. त्याचा परिणाम पान्यावर नव्हे, गाडीवर दिसतो: ५/१६ व्हिटवर्थच्या जुन्या बोल्टला ५/१६ डब्ल्यूचा पाना लागतो, नंतरच्या बोल्टला १/४ डब्ल्यूचा. बदललेले नट असलेल्या गाडीत दोन्ही सापडतात. म्हणून नट मोजल्याशिवाय पाना ठरवू नका.

बाणाची खूण ब्रिटिश लष्करी मालाची, आणि १९४३ हे सालच. म्हणजे तो १९३० च्या दशकातल्या गाडीसोबत कारखान्यातून आलेला नाही. डीआयएन ८९५ हे जर्मन दुतोंडी फिक्स पान्याचे मानक. १४ आणि १७ ही तोंडाची मापे, जुन्या जर्मन पद्धतीत एम८ म्हणजे ८ मिमी जाडीच्या बोल्टला १४ आणि एम१० ला १७. जपानी गाड्यांत एम८ ला बहुधा १२ आणि एम१० ला १४ लागतो. तुमच्या गाडीत या पान्याला काम नाही.

उरले पहिले दोन. ते त्या काळाशी जुळतात, पण मूळचेच आहेत असे त्यावरून सिद्ध होत नाही. किंग डिक सुटेही विकले जात.

जुनेयंत्र:
दुसऱ्या पान्यावर आणखी काहीतरी पुसट अक्षरे आहेत. गंज न खरवडता वाचायची कशी? आणि नक्कल ओळखता येते का?

लोहभट्टी:
तारेचे चाक लावू नका, अक्षरांच्या कडा जातात आणि त्याच सर्वांत मोलाच्या. तेलात रात्रभर भिजवा, पुसा, खडू चोळा आणि बाजूने तिरपा प्रकाश टाका. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली तरी चालते.

गंज जास्त असेल तर विद्युत पद्धत: लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्ट, पाना ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा. स्टेनलेस कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून उघड्यावर करा. निकेल किंवा क्रोमचा मुलामा असलेला पाना यात घालू नका, मुलामा सुटतो.

पेटंट क्रमांक सापडला तर उत्तम. ब्रिटिश पेटंटांचे सलग क्रमांक १९१६ पासून १००००१ ने सुरू झाले, त्याआधी दरवर्षी नव्याने मोजत. त्यामुळे सहा आकडी क्रमांक १९१६ किंवा नंतरचा, आणि त्याहून लहान क्रमांक बहुधा सालासोबत दिलेला असतो. ‘आरडी’ असेल तर तो नोंदणीकृत डिझाइनचा क्रमांक, ती मालिका १८८४ पासूनची.

आटेमोजणी:
लोहभट्टी यांचा मुद्दा मान्य, जोडमापांबद्दल माझे चुकले.

नकलेबद्दल: घडीव पान्याच्या कडेला साच्याचे दोन अर्धे मिळतात तिथली रेघ दिसते, ती बऱ्याचदा घासून सपाट केलेली असते. ओतीव नकलेत पृष्ठभागावर बारीक फुटकुळ्या आणि अक्षरांच्या गोलसर कडा दिसतात. ठशाने ठोकलेल्या अक्षराभोवती धातूची किंचित उंच कड उठते, साच्यातून आलेले उंच अक्षर तसे नसते.

शेवटी तोंड दोन ठिकाणी मोजा, आत बुडाशी आणि बाहेर टोकाशी. टोकाशी ०.२ मिमीहून जास्त रुंद असेल तर ते वाकून फाकले आहे किंवा कोणीतरी कानशीने मोठे केले आहे. आतल्या बाजूला कानशीच्या आडव्या रेघा दिसल्या तर ते कानशीने मोठे केलेले आहे. असा पाना टूल रोलमध्ये जरूर ठेवा, पण नटाला लावू नका.