प्रती निघतात म्हणूनच

‘एका ठोकळ्यावरून वाटेल तितक्या प्रती निघतात, मग त्यात स्वतःचं असं काय उरतं’ हे छापचित्रांबद्दलचं (कोरलेल्या ठोकळ्याला शाई लावून कागदावर उमटवलेल्या चित्रांबद्दलचं) म्हणणं मला पटत नाही. प्रती निघतात म्हणूनच काहींनी हे माध्यम धरलं. उदाहरणार्थ एलिझाबेथ कॅटलेट, कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार. जन्म १९१५, वॉशिंग्टन. आजी-आजोबांच्या पिढीने गुलामगिरी भोगलेली. आयोवा विद्यापीठात तिचे शिक्षक, चित्रकार ग्रँट वुड यांनी तिला सांगितलं होतं की जे सगळ्यात जवळून माहीत आहे तेच कर. १९४६ मध्ये ती मेक्सिकोला गेली आणि तिथल्या ‘तालेर दे ग्राफिका पोपुलार’ या सामूहिक कार्यशाळेत तिने कृष्णवर्णीय स्त्रियांवर १५ लिनोकटची (लिनोलियम या मऊ तक्त्यावर कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका केली. लिनोलियम स्वस्त, आणि चित्र साध्या माणसाच्या भिंतीपर्यंत पोचू शकतं.

तिचं १९५२ चं ‘शेअरक्रॉपर’ जरूर बघा. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारी बाई, रुंद गवती टोपी, जाकिटाला बटणाऐवजी सेफ्टी पिन. आपण तिच्याकडे खालून वर बघतो, त्यामुळे कीव करायची सोयच राहत नाही. लिनोत कोरलेला भाग कोरा राहतो, न कोरलेला शाई घेतो. म्हणजे चेहरा मुळात काळाच. कोरणीने त्यातून उजेड काढत जायचं. (गोरा चेहरा कोरायचा तर सगळं उलट, बहुतेक लिनो खरवडूनच टाकावं लागतं.) आणि सगळ्या प्रती सारख्याही नाहीत: काही नुसत्या काळ्या शाईच्या आहेत, काहींत जाकीट हिरवं आहे.