सल्ला हवा: फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल आणि पाइप ऑर्गन

स्वरवेल्हाळ: पेटी शिकणाऱ्या मुलांना ऑगस्टमध्ये सेंट थॉमस कॅथेड्रल दाखवायचंय. इतिहासातलं नेमकं काय सांगावं? आणि पाइप ऑर्गन समजून घ्यायचा तर कशाकडे लक्ष द्यावं?

जुनाकोट: चर्चगेट स्टेशनवरून वीर नरिमन रोडने चालतच न्या. फ्लोरा फाउंटनपाशी थांबा. कोटाचं या चर्चकडे जाणारं दार, म्हणजे मूळ चर्चगेट, तिथेच होतं. पायाभरणी १६७६ ची, मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिएरच्या काळातली. भिंती १५ फुटांपर्यंत चढल्या आणि काम जवळपास ४० वर्षं रखडलं. रिचर्ड कॉब या पाद्रीने ते पुन्हा हाती घेतलं, म्हणून १७१८ च्या नाताळला चर्च उघडलं. कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा १८३७ चा. आत मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकनचं स्मारक चुकवू नका; बालहत्या रोखल्याचा उल्लेख त्यावर कोरलेला आहे.

नळीवाला: पेटीवाल्यांना ऑर्गन पटकन कळतो, फक्त एक फरक आधी सांगा. पेटीत पितळी रीड थरथरते. ऑर्गनच्या बहुतेक नळ्यांत बासरीसारखा हवेचा स्तंभच घुमतो. त्यामुळे लांबी महत्त्वाची. ८ फुटी उघडी नळी साधारण ६५ हर्ट्झचा खर्ज देते, वरचं तोंड बंद केलं तर तोच स्वर ४ फुटांत मिळतो. दर्शनी नळ्यांवर थांबू नका, बऱ्याच ऑर्गनमध्ये बहुतांश नळ्या मागे दडलेल्या असतात. नळ्यांना हात मात्र लावू देऊ नका. हाताच्या उबेनेही सूर चढतो.

स्वरवेल्हाळ: पावसाळ्यात ऑर्गन बिघडतो म्हणतात, ते का?

नळीवाला: लाकूड फुगतं. पट्टी किंवा तिच्याखालचा पॅलेट, म्हणजे हवा सोडणारी झडप, अडकते आणि पट्टी सोडली तरी स्वर वाजतच राहतो. झडपेच्या चामड्यावर कचऱ्याचा कण बसला तरी हेच होतं. वादकाने एकेक स्टॉप, म्हणजे नळ्यांचा एकेक संच चालू करणारा खटका, उघडून पाहावा: प्रत्येक स्टॉपमध्ये तोच स्वर लागला, तर दोष पट्टीत किंवा पॅलेटमध्ये. पट्टी दोन-चारदा हलक्या हाताने दाबून सोडली की बहुधा सुटते. जोर लावला तर आतली जोडपट्टी तुटते.

सुराचं वेगळं. तापमान वाढलं की साध्या नळ्यांचा सूर दर अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, पण ऑर्गनमधल्या रीडच्या नळ्यांचा सूर फारसा हलत नाही, म्हणून दोन्ही प्रकारच्या नळ्या एकमेकींना विसंवादी होतात. ट्यूनिंग करायचं ते प्रार्थनेच्या वेळी असतात तसेच पंखे, दिवे, दारं ठेवून. मुलांची पेटी सोबत वाजवायची असेल तर पेटीचा सूर बदलता येत नाही. आधी एक स्वर जुळवून पाहा, मगच ठरवा.

जुनाकोट: वादक भेटावा म्हणून कॅथेड्रलच्या कार्यालयाशी आधीच बोलून ठेवा, आणि रविवारची प्रार्थनेची वेळ टाळा.