ब्लूरे बर्न करताना ड्राइव्हशी बोलायचं कुठून? एसआर, एसजी की बस-टार्गेट-लन?

सूरसंग्रह
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाकडे जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंग्ज आहेत, ती ब्लूरेवर टाकून ठेवायचं काम चाललंय, त्यासाठी लिनक्सवर सी मध्ये छोटा प्रोग्राम लिहितोय. तयार टूल्स आहेत हे माहितीये पण मला डिस्क लिहून झाली की लगेच चेकसम (डेटा जसाच्या तसा लिहिला गेला का ते ताडायचा आकडा) तपासून कॅटलॉगमध्ये नोंद व्हायला हवीये. आता गोंधळ असा की सीडीरेकॉर्ड या डिस्क लिहिणाऱ्या टूलच्या जुन्या माहितीत ड्राइव्हचा पत्ता १,०,० (बस, टार्गेट, लन) असा तीन आकड्यांत देतात, नवीन उदाहरणांत सरळ ड्राइव्हची डिव्हाइस फाइल /डेव्ह/एसआर० आणि कुणी सांगतं नुसत्या कमांड पाठवायची /डेव्ह/एसजी१ उघड. यातलं धरायचं काय? आणि दुसरं, साध्या युजरने चालवलं तर माहिती विचारणाऱ्या कमांड चालतात पण लिहायला गेलं की 'ऑपरेशन नॉट परमिटेड', सुडो लावलं की सगळं चालतं. मग रूट म्हणूनच चालवायचं का? ड्राइव्ह यूएसबीचा आहे.

कर्नलकट्टा
/डेव्ह/एसआर० उघड आणि त्याच्यावरच एसजी-आयओ आयऑक्टल (ड्राइव्हला थेट कमांड पाठवायचा कर्नलचा कॉल) मार, विषय संपला.

तीन आकड्यांचा पत्ता कुठून आला ते सांगतो म्हणजे डोक्यातनं जाईल. २.४ कर्नलच्या काळात आयडीई जोडणीच्या रायटरला स्कझी (ड्राइव्हशी बोलायची भाषा) कमांड पाठवायला आयडीई-स्कझी नावाचं इम्युलेशन लावायला लागायचं, बूट करताना एचडीसी=आयडीई-स्कझी असं लिहायचं आणि मग स्कॅनबस करून आकडे शोधायचे. २.६ पासून कर्नल सरळ ब्लॉक डिव्हाइसवरच एसजी-आयओ घ्यायला लागला, म्हणजे त्या इम्युलेशनची गरजच उरली नाही. यावरून तेव्हा मोठं भांडण झालं, सीडीरेकॉर्डवाले योर्ग शिलिंग आकड्यांच्या बाजूचे आणि लिनस टोरवाल्ड्स डिव्हाइसच्या नावाच्या बाजूचे. मला विचारशील तर लिनक्सवर लिनसचंच बरोबर, कारण यूएसबी काढून परत लावलं की आकडे बदलतात. तसा एसआर० चा एसआर१ पण होऊ शकतो, म्हणून कॉन्फिगमध्ये /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी खालचं नाव लिही, ते ड्राइव्हच्या सिरियलवरून बनतं.

परमिशनचं म्हणशील तर तू फाइल बहुतेक ओ-आरडीओन्लीने (फक्त वाचायला) उघडतोयस. २.६.८ पासून कर्नल प्रत्येक कमांड एका यादीशी ताडून चाळतो, नुसत्या वाचणाऱ्या कमांड वाचायला उघडलेल्या फाइलवर चालतात, राइट, ब्लँक (पुसणं), क्लोज ट्रॅक (लिहिणं संपवणं) वगैरेंना ओ-आरडीडब्ल्यूआर (वाचायला-लिहायला उघडणं) लागतं आणि यादीत नसलेल्या कमांडना रूटचा हक्क. हे असायलाच हवं, नाहीतर नुसता वाचायचा हक्क असलेला माणूस ड्राइव्हचं फर्मवेअर उडवू शकला असता. तेव्हा सुडो काढ, युजरला सीडीरॉम ग्रुपमध्ये टाक, बर्निंगला लागणारं सगळं त्या यादीत आहे.

बीएसडीवाला
कर्नलकट्टा यांचं लिनक्सपुरतं पटतं, पण शिलिंग यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं हो. त्यांचा प्रोग्राम सोलारिस, बीएसडी, विंडोज सगळीकडे चालायचा आणि ड्राइव्हची भाषा सगळीकडे एकच, एमएमसी हे डिस्क ड्राइव्हच्या कमांडचं स्टँडर्ड. हेक्स ४६ म्हणजे गेट कॉन्फिगरेशन, हेक्स २ए म्हणजे राइट, ओएस कुठलीही असो. बदलतो तो फक्त नेणारा रस्ता. फ्रीबीएसडीत कॅम आणि /डेव्ह/पास०, विंडोजवर पूर्वी अडॅप्टेकचं एएसपीआय आणि नंतर एसपीटीआय. म्हणून मी सांगेन की एकच फंक्शन लिहा, त्याला कमांडचे बाइट, बफर, दिशा आणि टाइमआउट द्यायचा आणि ते सेन्स डेटा (काय अडलं ते सांगणारं ड्राइव्हचं उत्तर) परत देईल. प्रत्येक ओएससाठी तेवढंच बदला. ड्राइव्हचं नाव मात्र त्या त्या ओएसच्या पद्धतीचंच ठेवा, स्वतःची नंबरिंग काढू नका.

तबकडी
टाइमआउटचा विषय निघालाच आहे तर हे नक्की वाचा, डिस्का इथेच वाया जातात. एसजी-आयओमध्ये टाइमआउट मिलिसेकंदात असतो. ब्लँक किंवा क्लोज अशी लांबलचक कमांड तुम्ही छोट्या टाइमआउटने पाठवली की कर्नलला वाटतं ड्राइव्ह अडकला, तो रीसेट करतो आणि डिस्क गेली. त्यामुळे अशा कमांडमध्ये इमीडिएट बिट लावा, ड्राइव्ह लगेच उत्तर देतो आणि काम आत चालू ठेवतो, मग 'टेस्ट युनिट रेडी' (तयार झालास का) ही कमांड दर सेकंदाला विचारत बसायचं. लिहिताना सेन्स २/०४/०८ आला तर ती एरर नाही, ड्राइव्ह म्हणतोय माझा बफर भरलाय जरा थांब, थोडं थांबून तोच ब्लॉक परत पाठवा. एका वेळी ६४ केबी म्हणजे ३२ सेक्टर पाठवा, ब्लूरेला ते बरोबर बसतं.

आणि उघडताना ओ-एक्स्क्ल (ड्राइव्ह फक्त आपल्यासाठी राखायचा फ्लॅग) पण लावा, म्हणजे डेस्कटॉपने डिस्क माउंट केलेली असेल तर तिथेच 'बिझी' कळेल. पण हे कुलूप सगळ्यांनी पाळलं तरच कुलूप, ओ-एक्स्क्ल न लावता उघडणाऱ्याला कर्नल अडवत नाही, म्हणून बर्निंगच्या वेळी ऑटोमाउंट बंदच ठेवा. ओ-नॉनब्लॉक पण हवं, नाहीतर ट्रे रिकामा असेल तर उघडतच नाही.

सूरसंग्रह
खूप खूप आभार सगळ्यांचे. ओ-आरडीडब्ल्यूआर केलं आणि सुडोशिवाय चालू झालं! कमांड पाठवणारं फंक्शन पण वेगळं काढतोय. आता फक्त एक, लिहून झाल्यावर त्याच प्रोग्राममधून एसआर० वाचून चेकसम काढला तर फाइल अर्धवट वाचली जातेय, साइज जुनीच दाखवतोय.

तबकडी
कर्नलला नवी साइज कळलेली नाही. क्लोज झाल्यावर फाइल बंद करा, ट्रे बाहेर काढा, परत आत घाला, मग नव्याने उघडून वाचा. यूएसबीच्या स्लिम ड्राइव्हला ट्रे आपणहून आत घेता येत नाही, तेव्हा प्रोग्रामने तिथे थांबून 'ट्रे हाताने आत ढकला' असा मेसेज दाखवला पाहिजे. चेकसम पण आख्ख्या डिव्हाइसचा काढू नका, जेवढे सेक्टर लिहिलेत तेवढेच मोजून वाचा.