मदत हवी आहे: क्रूझवर गोल खिडकी, मोठी काच की बाल्कनी?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला जायचा बेत आहे. बुकिंग खोलीच्या खिडकीवर अडलंय.

आईला ताम्हिणी घाटातसुद्धा लिंबू हुंगत बसावं लागतं. त्यामुळे जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली हवी, तिथे हेलकावे कमी. पण खाली बहुतेक गोल, छोटी खिडकी असते. वरच्या मजल्यांवर मोठी चौकोनी काच मिळते. उघडत दोन्ही नाहीत, म्हणजे वारा हवा तर बाल्कनीच, आणि तिचे पैसे ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात सिंहगड रोडला गाळा येईल." (येणार नाही, पण मुद्दा पोचला.)

डेक्कनवरचा एजंट 'अडथळा असलेली' खिडकी स्वस्तात देतोय. म्हणजे काचेसमोर लाइफबोट टांगलेली. उजेड येतो म्हणे, पण समुद्र किती दिसतो? नुसता नारिंगी पत्राच बघायचा असेल तर बिनखिडकीची खोली काय वाईट? फक्त बाबा पहाटे पाचला उठतात, त्यांना मिट्ट काळोखात दिवस-रात्र कळणार नाही.

गोल खिडकीतून बसल्या जागी बाहेर दिसतं का, की उभं राहून डोकावावं लागतं? बाबांचे गुडघे दुखतात.

आणखी एक: जाताना सूर्यास्त उजव्या बाजूला, येताना डाव्या. मग बाजू निवडण्यात काही अर्थ आहे का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा. एजंटने शनिवारपर्यंतच भाव धरून ठेवलाय.