परागकणांवरून खुनी पकडणार? आधी पंचनामा तरी धड करा

गिरणाकाठ
काल 'निसर्गवेडा' यांनी लिहिलं, "परागकण खोटं बोलत नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्याला एक मायक्रोस्कोप द्या, खानदेशात एकही खून पचणार नाही." वाचून डोकं फिरलं. दाखला काय, तर १९५९ची ऑस्ट्रियातली केस. डॅन्यूबकाठी माणूस बेपत्ता, संशयिताच्या बुटाच्या चिखलात दोनेक कोटी वर्षांपूर्वीच्या हिकरी झाडाचे परागकण. असा चिखल व्हिएन्नाजवळच्या एका छोट्या पट्ट्यातच. आरोपीने मुकाट प्रेत दाखवलं. मान्य! पण तो पट्टाच जगावेगळा होता. इथे चोपड्यापासून रावेरपर्यंत केळी, कपाशी आणि बांधावर गाजरगवत. बुटाला गाजरगवत सापडलं म्हणून अर्धा जिल्हा आत टाकणार का?

निसर्गवेडा
एका कणावरून कोणीच सांगत नाही हो. कोणते कण, किती प्रमाणात, ते बघतात. आणि सगळेच उडत नाहीत. कपाशीचा कण मोठा, काटेरी, चिकट. वारा त्याला फारसा नेत नाही. बाभळीचे तर गठ्ठ्यानेच असतात. शर्टावर कपाशीचे कण भरपूर निघाले तर गडी फुलावरच्या कपाशीत शिरलेला. हायवेवरून नुसती मोटारसायकल काढून ते होत नाही. कण कुजून जातील म्हणाल, तर त्यांचं कवच आम्लातसुद्धा टिकतं, प्रयोगशाळेत तसंच साफ करतात.

केळीवाला यावल
खुनाचं राहू द्या भो. आमच्या निसवलेल्या, घड बाहेर पडलेल्या बागेतली खोडं रात्रीतून कापून टाकली. कोणी, ते सगळ्या गावाला ठाऊक. त्याच्या शर्टावर चिकाचे ताजे डाग, मी डोळ्यांनी पाहिले. केळीचा चीक लागला की काळा पडतो, मग सोडा लावा नाहीतर लिंबू, जात नाही. म्हणून तर कापणीचे कपडे वेगळे ठेवतात. ठाण्यात सांगितलं तर साहेब म्हणे, "तालुक्यात डाग नसलेला शर्ट दाखव, बक्षीस देतो."

कोर्टाची पायरी
साहेब तिरकस बोलले, पण चूक काय बोलले? १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १७६(३) प्रमाणे ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचंय. तेही राज्यांना तयारीसाठी ५ वर्षांची मुदत देऊन. तुमचं प्रकरण आगळीक, म्हणजे मुद्दाम केलेलं मालाचं नुकसान. नुकसान लाखाच्या वर गेलं तरी न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम ३२४ मध्ये कमाल ५ वर्षं.

केळीवाला यावल
म्हणजे माणूस कापला तर तज्ज्ञ, वर्षभराचं पीक कापलं तर टोमणा. वा रे कायदा!

निसर्गवेडा
डीएनए आहे ना! १९९२ला अ‍ॅरिझोनात पालो व्हर्डे नावाच्या झाडाच्या शेंगा संशयिताच्या पिकअपमध्ये सापडल्या, घटनास्थळच्या त्याच झाडाशी जुळल्या. केळीचंही करता येईल.

गिरणाकाठ
हसावं की रडावं! ती झाडं बियांपासून वाढलेली, प्रत्येक वेगळं. आपली ग्रँड नैन जातीची केळी टिश्यूकल्चरची, म्हणजे एकाच झाडाच्या नकला. यांची बाग, शेजाऱ्याची बाग, आरोपीची स्वतःची बाग, डीएनए सगळीकडे तोच. परागकणांचं म्हणाल तर या केळीत कामाचे परागच नसतात. पुस्तकातून उठून जरा बागेत या.

निसर्गवेडा
बागेत मीही वाढलोय. तुमच्याइतका आवाज चढवत नाही, एवढंच.

भुसावळची ताई
भांडा खुशाल. मी प्रयोगशाळेत नोकरी केलीय, नमुने कसे येतात ते सांगते. ओला पाला कॅरीबॅगमध्ये कोंबून गाठ मारलेली. उघडेपर्यंत बुरशी. कागदी पाकीट, सावलीत वाळवणं, जागेवरच सील, पंचांच्या सह्या, हे होतच नाही. मायक्रोस्कोप देऊन त्यात बुरशी बघणार का? आणि 'वनस्पती पुरावा म्हणजे फॉरेनचं फॅड' म्हणणाऱ्यांसाठी: रेल्वेत गुंगी देऊन लुटायचे तेव्हा धोतरा असायचा. उलटीत बी सापडलं की वकील म्हणणार, मिरचीचं आहे. बी उभं कापून भिंगाखाली धरलं की धोतऱ्याचा गर्भ टोकाशी बाहेर वळलेला दिसतो, मिरचीचा आत. झाला निकाल.

गिरणाकाठ
ताई, धोतऱ्याचं मान्य. 'निसर्गवेडा' यांनी मायक्रोस्कोपऐवजी कागदी पाकिटं मागितली असती तर मी कशाला लिहायला बसलो असतो?

कोर्टाची पायरी
केळीवाले, निदान नुकसान लाखाच्या वर दाखवा. तलाठ्याचा पंचनामा जोडा, भाव लिहून घ्या.

केळीवाला यावल
कुठला भाव? बोर्डावरचा, की व्यापारी हातावर टेकवतो तो?

गिरणाकाठ
घ्या, आता रात्रभर हेच चालणार.

केळीवाला यावल
चालणारच. तुमचे परागकण मी निमूट ऐकून घेतले ना?