मदत हवी आहे: वळणानंतर समुद्रतळ पन्हळी पत्र्यासारखा दिसतोय

मंडळी, मुंबई हायजवळ पाइपलाइन रूटचा मल्टीबीम सर्व्हे (ध्वनीच्या अनेक किरणांनी तळाची खोली मोजणं) चालू आहे. तळ सपाट चिखलाचा, पण बोट वळून नवी लाइन (मोजणीची सरळ फेरी) सुरू झाली की पहिली दोन-तीन मिनिटं डेटात आडव्या वळ्या उमटतात. पुढे आपोआप विरतात.

वळ्या डावीकडून उजवीकडे सारख्याच उंचीच्या आहेत. रोलची (बोटीच्या डाव्या-उजव्या डोलण्याची) चूक असती तर एक बाजू वर, दुसरी खाली गेली असती, म्हणून संशय हीव्हवर, म्हणजे बोटीच्या वर-खाली होण्याच्या मापावर. एमआरयू (बोटीची हालचाल मोजणारा सेन्सर) त्वरणाचं दोनदा इंटिग्रेशन करून हीव्ह काढतो आणि वळताना त्याचा फिल्टर बिथरतो, एवढं समजतं. सध्या १४ सेकंदांची लांब स्वेल (दुरून येणाऱ्या संथ लाटा) आहे आणि फिल्टर मात्र आखूड लाटांच्या सेटिंगवर होता. तो बदलला, तर स्थिरावायला आणखीच वेळ लागतोय! कॅप्टन दोन मिनिटांपेक्षा जास्त रन-इन (लाइनआधीची सरळ धाव) द्यायला तयार नाहीत, डिझेलचा हिशोब त्यांच्या डोक्यावर.

दुसरी शंका लिव्हर आर्मची, म्हणजे सेन्सर बोटीच्या मध्यापासून किती दूर आहे त्या अंतराची. एमआरयू मध्यरेषेपासून ४ मीटर उजवीकडे बसवलाय. ५ अंश रोलला तेवढ्यानेच जवळपास ३५ सेंमी खोटा हीव्ह येतो. सॉफ्टवेअरमध्ये चिन्ह उलटं पडलं असेल का? पण मग वळ्या विरायला नकोत, लाइनभर राहायला हव्यात ना?

डिलेड हीव्ह (थोडा उशिरा, मागचा-पुढचा डेटा वापरून काढलेला हीव्ह) रेकॉर्ड होतोय. तो नंतर लावून अशा लाइन्स कुणी वाचवल्या आहेत का? की पुन्हा धावणंच बरं? उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.